आतल्या भिंतीचा रेडिएटर

शांघाय, ९ सप्टेंबर २००१

ताई,

नन्सच्या शाळेत जिन्याखाली एक लांबलचक रेडिएटर होता. मधल्या सुट्टीत आपण दोघी त्यावर काळ्या पावाचे तुकडे ठेवायचो आणि ते कडक होईपर्यंत पाठ टेकून उभ्या राहायचो. सिस्टर अ‍ॅग्नेसची पावलं वाजली की तू तुझा तुकडा पटकन खिशात घालायचीस आणि मी हातात पाव घेऊन पकडली जायचे. आज सकाळी चहा पिताना हे उगाच आठवलं, आणि क्षणभर तुझ्याविषयी माया वाटली. मग आईची खोली आठवली आणि ती माया ओसरली.

फोन तू मध्येच ठेवून देतेस. पत्र मध्येच ठेवलंस तर निदान मला कळणार नाही.

फेब्रुवारीत आले होते तेव्हा आईच्या खोलीत चौदा अंश होते. मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. पुन्हा एकदा छाती भरली तर ही बाई उठायची नाही, असं डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, कंबरेचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं एका पलंगावर. तिला थंडी वाजली तर ती चालून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही. तुला हे सांगावं लागतं, याचंच मला नवल वाटतं.

रेडिएटर आतल्या भिंतीला, दाराच्या कोपऱ्यात आहे. खिडकी समोर, तिच्याखाली काही नाही. काचेवर गार झालेली हवा खाली उतरते आणि जमिनीवरून सरपटत थेट पलंगाशी जाते. रेडिएटर खिडकीखाली पाहिजे, म्हणजे वर चढणारी गरम हवा त्या गार हवेला तिथेच अडवते. त्यात तू त्याला लाकडी खोका घातला आहेस आणि वर जाळीचं कापड. निम्मी ऊब त्या खोक्यातच मरते.

शेनयांगच्या एका जुन्या सहकाऱ्याकरवी पोलादी पत्र्याचा नवा रेडिएटर पाठवते आहे. कुठे बसवायचा, किती उंचीवर, भिंतीपासून किती बोटं सोडायची, सगळं सोबतच्या नकाशात आहे. वीस ऑक्टोबरला इमारतीत गरम पाणी सोडतात. त्यानंतर एप्रिलपर्यंत कुणी नळाला हात लावू देत नाही. तेव्हा लवकर कर.

मानली


हार्बिन, २१ सप्टेंबर

मानली,

ज्या शहरात घरांना रेडिएटरच नसतात, माणसं हिवाळ्यात घरात कोट घालून बसतात आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन टीव्ही बघतात, त्या शहरातून मला रेडिएटर कसा लावायचा याचा धडा आला. वाचून शेजारणीला दाखवला. ती बराच वेळ हसत होती.

तू गिरणीच्या बॉयलरचे नकाशे काढलेस, हे मला ठाऊक आहे. आई म्हणजे गिरणी नव्हे. दर ऑक्टोबरात मी खिडकीच्या फटींना कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवते. तुझी सरपटणारी हवा येणार कुठून? आणि आतल्या भिंतीला आता एकाला एक जोडलेल्या बारा खणांचा ओतीव लोखंडाचा रेडिएटर आहे. चौदा अंश तू आलीस तेव्हा होते, कारण तू सिगरेट ओढायला दर तासाला बाल्कनीचं दार उघडायचीस.

आईला तो कोपरा आवडतो, एवढं मला कळतं. उशाशीच मजल्यामजल्यांतून खाली जाणारा गरम पाण्याचा उभा नळ आहे. दिवसातून तीन-चार वेळा ती चमच्याने त्यावर ठोकते. मी हातातलं टाकून धावते. "काय हवं?" "काही नाही, जा." असं दोन वर्षं चाललंय. आणि तिनं ठोकलं की लगेच खालच्या मजल्यावरून च्याओ मावशी ठोकते. आपल्या इमारतीत खालून नळ ठोकला की त्याचा अर्थ काय, ते तू विसरली नसशील: गोंगाट बंद करा. एके काळी आईबरोबर कोबी आंबवायला बसणारी बाई आता एका अंथरुणावरच्या म्हातारीला नळ ठोकून गप्प करते. मी जिन्यात तिच्याशी बोलणं सोडलंय.

तुझा रेडिएटर पाठवायचा तर पाठव. बसवायचा की नाही ते मी ठरवीन.

यिचिउ


शांघाय, २ ऑक्टोबर

ताई,

बारा खण? त्या इमारतीत मोठ्या खोलीला सात दिले होते. बाबांनी स्वतः मोजून घेतले होते, मला आठवतं. वरचे पाच तू कुठून आणलेस?

विचारते कारण आईच्या खोलीकडचं पाणी सातव्या मजल्यावरून एकाच उभ्या नळाने खाली येतं, प्रत्येक घरातल्या रेडिएटरमधून फिरून पुढच्या घरात. तू खण वाढवलेस की तुझ्याकडे ऊब जास्त राहते आणि तिसऱ्या मजल्यावर कोमट पाणी पोचतं. च्याओ मावशी ठोकते ती उगाच नव्हे. तू तिची ऊब चोरते आहेस आणि वर तिच्यावरच रुसली आहेस. चाळीस वर्षं भूगोल शिकवलास, पाणी उताराकडे जातं एवढं तरी लक्षात ठेवायचंस.

त्या ठोकण्यावर उपाय आहे. नवा रेडिएटर बसवताना इमारतीचं नळकाम करणाऱ्या फांग मिस्त्रीला सांग, आपल्या घरापुरता लोखंडी नळ कापून प्लास्टिकचा टाक. प्लास्टिक वाजत नाही. आई ठोकणार नाही, च्याओ मावशी ठोकणार नाही, आणि तुझी धावपळ वाचेल. याचे आभार मानायची गरज नाही.

मानली


हार्बिन, १५ ऑक्टोबर

मानली,

झालं तुझ्या मनासारखं.

चोर म्हणालीस, म्हणून केलं. पाच खण कुठून आले हा तुझा प्रश्न नाही. कुणाच्या घरातून उचललेले नाहीत, एवढं समजून घे.

फांग मिस्त्री दोन दिवस खपला. जुने खण सोडवताना म्हणाला, "बाई, हा माल आपण सगळे गेल्यावरही राहिला असता. हा नवा पत्रा बघा, टिचकी मारली तर रडतोय." खोका मोडून टाकला. तुझ्या नकाशाप्रमाणे खिडकीखाली पांढराशुभ्र रेडिएटर बसला. नळ प्लास्टिकचा, कोपऱ्यातून जमिनीलगत खिडकीपर्यंत. बारा जुने खण बाल्कनीत, कोबीच्या ढिगाशेजारी.

आई सगळं बघत होती. "नळ कुठे नेतोस?" तिने फांगला विचारलं. मी म्हटलं, "आई, आता जास्त ऊब येईल." ती म्हणाली, "कुणाला?" मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

यिचिउ


शांघाय, ८ नोव्हेंबर

ताई,

पाणी सोडून तीन आठवडे होत आले. खोलीत किती अंश आहेत, एवढं लिहायला पोस्टकार्डही पुरतं. की बावीस झाले हे कबूल करायला जड जातंय?

मानली


हार्बिन, २६ नोव्हेंबर

बावीस. कधी तेवीस. जिंकलीस.

आई जेवत नाही. राळ्याची पेज दोन चमचे, मग तोंड मिटते. महिना झाला. आधी मला वाटलं, नव्या गोष्टीचा राग असेल, चार दिवसांत विसरेल. डॉक्टर येऊन गेले. छाती स्वच्छ आहे, म्हणाले, असं वय झालं की माणसं कधी कधी अशी मिटत जातात. तिचं मनगट आता माझ्या दोन बोटांत मावतं.

पहिल्या आठवड्यात तिने मला पलंग खिडकीशी न्यायला लावला. चमच्याने तुझ्या रेडिएटरवर ठोकलं. डब्यावर ठोकल्यासारखा आवाज आला. तळवा ठेवून ती पाऊण तास तशीच बसली होती. मी म्हटलं, हात भाजेल. ऐकलं नाही. मग चमचा उशीखाली ठेवला तो अजून तिथेच आहे. तिने मला आता हाक मारणंही सोडलंय.

खोली आता तुझ्या नकाशाप्रमाणे आहे. तूच ये आणि तूच भरव.

यिचिउ


शांघाय, ५ डिसेंबर

ताई,

आई उपाशी आहे आणि तू मला दोष देतेस. माणूस बावीस अंशांत उपाशी राहतं ते रेडिएटरमुळे नव्हे, कुणी जवळ बसत नाही म्हणून. तू तिच्याशी बोलतेस का? की पेजेचा वाडगा ठेवायचा, उचलायचा आणि जिन्यात कुणाशी अबोला धरायचा ते ठरवायचं? बाबांच्या वेळेलाही हेच. सगळं तू केलंस, सगळ्यांनी बघावं म्हणून केलंस, आणि शेवटी त्यांच्याजवळ कुणीच बसलं नव्हतं.

बावीस डिसेंबरला मी येते आहे. आईला शांघायला आणणार. गाडीत झोपायच्या दोन जागा मागितल्या आहेत. डॉक्टर प्रवास नको म्हणतील, म्हणू देत. तिचे कपडे आणि औषधं बांधून ठेव. तुझ्या परवानगीची मी वाट बघणार नाही.

मानली


हार्बिन, १४ डिसेंबर

मानली,

तिकिटं रद्द कर. आधी पूर्ण वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

काल सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. उघडते तर च्याओ मावशी. एक मजला चढायला तिला पाऊण तास लागला होता, गुडघे कामातून गेलेत. कोटावर छातीशी पांढरं कागदी फूल, आणि हातात जाळायच्या पिवळ्या कागदाची गड्डी.

"कधी गेली?" तिने विचारलं.

"कोण?"

"तुझी आई. दोन महिने नळ मुका आहे. दोन वर्षं तू मला जिन्यात ओळख देत नाहीस, ते राहू दे. पण मैत्रीण गेली एवढं सांगायला तरी यायचं होतंस. मला काय, वासावरून कळायचं होतं?"

मला इतका राग आला की मी दार लोटणार होते. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. महिन्याभरात मी तो इतका मोठा ऐकला नव्हता. "कोण आहे गं?"

मावशी मला बाजूला सारून आत गेली. पलंगावर बसली. आईने फुलाकडे बोट केलं.

"हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"काढ ते. मी तूच मेलीस असं धरून चालले होते."

"मी? मी तुझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे."

"म्हणून काय झालं? तुला आधीपासून घाई."

मग मावशीने मला जे सांगितलं ते तुलाही ऐकायला हवं. आई पडली त्या महिन्यापासून त्या दोघी नळावर बोलत होत्या. सकाळी आईचे तीन ठोके, म्हणजे उठले. खालून तीन, म्हणजे मीही. दुपारी दोन, जेवले. संध्याकाळी एक, निजते. दोघींनाही समोर बसून मोठ्याने बोललेलं तेवढं ऐकू येतं, फोनवरचं नाही. आवाज त्यांच्या कामाचाच नव्हता. हात नळावर ठेवायचा, ठोका तळव्याला कळायचा. मी ज्याला गोंगाटाची तक्रार समजत होते ते उत्तर होतं. दोन वर्षं रोज मी "काय हवं?" म्हणून धावत गेले, आणि आईने एकदाही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तुझं तिच्याशी भांडण होतं. सांगितलं असतं तर हेही बंद केलं असतंस."

काल ती पेज, दोन अंडी आणि सहा डंपलिंग जेवली. मावशीला खाली न्यायला फांगला बोलवावं लागलं. त्याने तिला पाठुंगळी घेऊन उतरवलं. पुन्हा चढणं तिला जमणार नाही. आई आज सकाळपासून परत भिंतीकडे तोंड करून आहे.

नळ तू कापायला सांगितलास. मी कापवला. आता तू नकाशे काढणारी आहेस तर काढ.

यिचिउ


शांघाय, २१ डिसेंबर

ताई,

तिकिटं रद्द केली.

बाबांबद्दल जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण आत्ता ते लिहायला नको होतं.

उपाय एकच आहे. आपल्या घरातला प्लास्टिकचा नळ काढून लोखंडी परत जोडायचा, कोपऱ्यातून सरळ वर-खाली, जुन्या जागी. त्याला जुना रेडिएटर आतल्या भिंतीवर. एप्रिलपर्यंत थांबलं तर चार महिने, आणि आईकडे चार महिने आहेत असं मला तुझ्या पत्रांवरून वाटत नाही. म्हणजे आत्ता, गोठणाऱ्या दिवसांत, अख्खा उभा नळ रिकामा करावा लागेल. सातही घरं गार पडतील. फांग तयारीनिशी आला तर चार तास. त्याहून जास्त लागले तर कुणाच्या तरी घरात पाणी गोठून खण फुटेल. पाणी सोडणाऱ्या कंपनीला सातही घरांच्या सह्या लागतील. त्या तुलाच गोळा कराव्या लागतील, कारण तिथे तू आहेस.

आणखी एक. हिशेबात चूक नको. फांगला घरभर फिरव आणि कुठल्या खोलीत कुठला रेडिएटर, किती खण, ते त्याच्या हाताने लिहून मला पाठव. तुझ्या हाताने नको, तू मध्ये शेरे घालतेस.

मानली


हार्बिन, ६ जानेवारी २००२

मानली,

फांगची यादी सोबत आहे. मी वाचलेली नाही. माझे शेरे नसलेलं काहीतरी एकदा मिळू दे तुला.

सह्यांसाठी एकेका घरी गेले. पहिला आणि दुसरा मजला लगेच झाला. तिथे ऊब तशीही पोचत नाही, चार तासांनी त्यांना काय फरक पडणार, म्हणाले. च्याओ मावशीने सही केली आणि माझा हात धरून ठेवला. मी सोडवून घेतला नाही. पाचव्या मजल्यावर दीड महिन्याचं बाळ आहे. त्याच्या आईने मला दारातच उभं ठेवून सगळं ऐकलं. "आजींनी गेल्या वर्षी माझ्या लग्नात अंथरुणातून आहेराचं लाल पाकीट पाठवलं होतं. दिवस सांगा, मी बाळाला घेऊन माहेरी जाते." सहाव्याने न वाचता सही केली.

सातव्या मजल्यावरचे शी. निवृत्त साहेब, तू त्यांना ओळखत नाहीस. "दोन म्हाताऱ्यांना टकटक करायची म्हणून सात घरांनी उणे सव्वीसमध्ये गारठायचं?"

मी म्हटलं, "शीसाहेब, पाणी तुमच्याकडे सगळ्यांत आधी येतं. तुम्ही वापरून उरलेलं आम्हाला मिळतं. इतक्या वर्षांत कुणी तुमच्या दाराशी आलं का विचारायला?"

"मोबाइल घेऊन द्या त्यांना."

"बहिऱ्यांना?"

त्यांनी दार लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ते दारातच म्हणाले, "बाई, नळ रिकामा करून परत भरला की सगळी हवा माझ्याकडे अडकते. वरचा मजला ना. मागच्या वेळी आठ दिवस माझे रेडिएटर गार होते, बायकोला दमा आहे, आणि एकही माणूस फिरकला नाही. तुमचे ठोके चालू होतील. माझं काय?"

हवा खरंच वर अडकते का, ते तूच लिही. भूगोलात ते नाही. त्यांची सही झालेली नाही. बाकी सहा आहेत. कंपनीने एकवीस जानेवारी, दुपारी बाराची वेळ दिली आहे, सातवी सही आली तर. आईने काल फक्त पाणी घेतलं.

यिचिउ


शांघाय, १२ जानेवारी, तातडीच्या टपालाने

ताई,

शी म्हणतात ते खरं आहे आणि ते तुला पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं. हे पत्र घेऊन त्यांच्याकडे जा. पाकिटात हवा काढायच्या दोन पितळी चाव्या आणि चार झडपा आहेत, सगळ्या इमारतीत बसतात त्या मापाच्या. पाणी भरायला लागताच फांगच्या माणसाने आधी सातव्या मजल्यावर जायचं, तिथून हवा सुटेपर्यंत हलायचं नाही, मग एकेक मजला खाली. हे मी शी यांच्या नावे वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहिलं आहे. एक चावी त्यांना कायमची ठेवू दे. त्यांच्या बायकोच्या खोलीतला रेडिएटर सगळ्यांत आधी गरम झाला पाहिजे, असं फांगला माझ्या नावाने सांग. मग ते सही करतील. केली नाही तर मला फोन लाव, मी बोलेन. तेवढ्यापुरता फोन ठेवू नकोस.

आता फांगची यादी. आईची खोली, एक पोलादी. बैठक, सहा खण. उत्तरेची खोली, थोरल्या बाईंची: रेडिएटर नाही, भिंतीत पाच खण टांगायच्या रिकाम्या कड्या, नळाला टोपण.

मी ते तीन वेळा वाचलं. मग तुझी सगळी पत्रं काढून वाचली. तू दोन हिवाळे त्या खोलीत झोपते आहेस. उत्तरेच्या खोलीत, हार्बिनमध्ये, रेडिएटरशिवाय. मी तुला चोर म्हटलं आणि तू उत्तरादाखल नळ कापून घेतलास, पण हे सांगितलं नाहीस. तुझ्या या स्वभावाला काय म्हणावं ते मला चौसष्टाव्या वर्षीही कळलेलं नाही. मला राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही. पण कामाचं आधी.

बाल्कनीतल्या बारा खणांपैकी सात आईला. आतल्या भिंतीवर, जुन्या जागी, लोखंडी नळावर, उशापासून हात पोचेल एवढ्या अंतरावर. खोका नाही. खिडकीला मी रजईचा जाड पडदा शिवून पाठवला आहे, तो गजावर लाव. खोली एकोणीस अंश राहील. त्याहून जास्त तिला नकोच आहे.

उरलेले पाच च्याओ मावशीला; तिच्याखालच्या दोन घरांना गेल्या दोन हिवाळ्यांहून कमी ऊब मिळणार नाही, मी हिशेब केला. एकवीस तारखेला नळ रिकामा असतानाच फांगने ते तिच्या रेडिएटरला जोडायचे, म्हणजे पुन्हा कुणाला गारठवावं लागणार नाही. ते तिला तू स्वतः दे. जिन्यात उभं राहून नाही, घरात जाऊन, बसून.

दुसरी पितळी चावी पाचव्या मजल्यावरच्या मुलीला.

पोलादी रेडिएटर उत्तरेच्या खोलीत, खिडकीखाली. त्या खोलीचा नळ वेगळा आहे आणि त्यावर पूर्वी पाच खण होतेच, त्याने कुणाचं पाणी गार होत नाही, मी तपासलं. फांगला त्याच दिवशी टोपण काढायला सांग. पुन्हा आईच्या खोलीत हलवू नकोस, बैठकीत नको, कुणा शेजाऱ्याला देऊ नकोस. तो तुला.

मानली